साक्षीच्या वेळी गप्प बसणारे

बुधवारच्या प्रार्थनासभेत गीत झालं, शास्त्रवाचन झालं की पाळकसाहेब विचारतात, ‘कोणाची साक्ष आहे का?’ मग एकेक जण उठतो. कोणाच्या मुलाला नागपूरला नोकरी लागलेली असते, कोणाचं अडकलेलं पेन्शनचं प्रकरण सुटलेलं असतं, कोणाची गाठ तपासणीत साधी निघालेली असते. प्रभूची स्तुती असो, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते आणि मनापासून म्हणते. पण माझं लक्ष आताशा बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणाऱ्यांकडे जास्त जातं. ज्याची गाठ साधी निघाली नाही, तोही त्याच सतरंजीवर बसलेला असतो. त्यानेही तितकीच प्रार्थना केलेली असते, कदाचित उपास धरूनही केलेली असते. त्याने उठून काय सांगायचं? तो खाली बघतो, सतरंजीचा दोरा ओढत राहतो आणि पुढच्या काही बुधवारांनंतर यायचा बंद होतो. मग आम्हीच म्हणतो, भाऊ विश्वासात थंड पडला.

भाऊ थंड पडलेला नाही. त्याला बोलायला आम्ही जागाच ठेवली नाही, असं माझं म्हणणं आहे. संकटात देवावर भरवसा ठेवायचा याचा अर्थ आम्ही ‘कुरकुर करायची नाही’ एवढाच करून टाकला आहे. हे आमच्याच मंडळीत होतं असं नाही. सत्संगात अनुभव सांगतात तेव्हा आणि पारायणाच्या समाप्तीलाही ज्यांना फळ मिळालं तेच बोलतात. पण दुसऱ्याच्या घराबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्या घराबद्दल लिहिते.

मी नर्स. वर्धा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत उमेदीची वर्षं गेली, शेवटी ग्रामीण रुग्णालयात होते. निवृत्त झाले तरी बाजारात भाजीवाली अजून ‘सिस्टर’च म्हणते. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो दुष्काळातून. १८९९-१९०० च्या दुष्काळात जुन्या मध्य प्रांतात गावंच्या गावं उठली. त्यात माझी पणजी अनाथ झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिचं मूळ गाव कोणतं, हे तिलाही धड सांगता येत नसे. ‘भाकरीसाठी बाटले’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे आणि ते ऐकून मला आता राग येत नाही. उपाशी लेकराला भाकर देणाऱ्याचा देव त्या लेकराला खरा वाटला, यात लाज कसली? मला त्याच्या पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. दुष्काळ सरला, भाकर मिळू लागली, तरी पणजी राहिली. नवरा गेला, तीन लेकरं गेली, तरी राहिली. आणि आजी सांगायची की ती रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून देवाशी चांगली मोठ्याने भांडायची. प्रार्थना म्हणून भांडायची. तिला कोणी शिकवलेलं नव्हतं की हे चालत नाही.

या भागात ख्रिस्ती मंडळींची सुरुवातच अशा एका मरणाजवळ उभी आहे ज्याचा अर्थ कोणाला लावता आला नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी, पण दगड, जीवाश्म, गोंडांची भाषा आणि गाणी, सगळ्यात जीव अडकलेला माणूस. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्या नावावर आहे, नागपूरचं कॉलेज तर सगळ्यांना ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची दगडी वर्तुळं बघायला गेले होते. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांचा मुक्काम जवळच बोरीला होता. संध्याकाळी हिस्लॉप घोड्यावरून एकटे परत निघाले. पावसाने नाला भरला होता. घोडा रिकामा आला. माणूस पाण्यात गेला होता. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, वर्धा शहर वसायला अजून तीन वर्षं होती.

बुटीबोरीवरून जाताना मला हे दर वेळी आठवतं. पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस, सगळं आयुष्य देवाच्या कामाला दिलेला, आणि साध्या नाल्यात जातो. लढाईत नाही, छळात नाही. यात देवाची काय योजना होती, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, मला माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापासून जरा लांब बसा. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी अर्थ लावत बसण्यापेक्षा त्यांचे कागद गोळा केले. टेम्पल यांनी ते १८६६ साली छापवले. आदिवासींवरचं ते टिपण आजही अभ्यासक बघतात. शाळा चालू राहिली. त्या लोकांनी त्या काळात काय प्रार्थना केल्या असतील त्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत, पण त्या सगळ्या स्तुतीच्या नसणार एवढं मला कळतं.

आरोग्य केंद्रात असताना मला धर्माचे प्रश्न कोणी पुस्तकातून विचारले नाहीत, ते व्हरांड्यात विचारले. वर्धा जिल्हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांतला, ज्यांच्यासाठी शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं. ‘औषध घेतलेला’ माणूस बैलगाडीतून, टेम्पोतून, कधी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणत. आम्ही अ‍ॅट्रोपिन देत, डोळ्यांच्या बाहुल्या बघत आणि पुढच्या दवाखान्यासाठी गाडीची वाट बघत बसत असू. एकदा अशाच एकाची आई, डोक्यावरचा पदर तोंडात धरून, माझ्या गळ्यातला क्रूस बघत म्हणाली, ‘सिस्टर, तुमी देवाचं करता, मंग सांगा ना, त्याले दिसते का हे सारं?’ मी सलाईनची बाटली धरून उभी होते, स्टँड मोडला होता. मी उत्तर दिलं नाही. काही तरी वचन सांगता आलं असतं, पाठ तर शेकड्याने आहेत. पण त्या बाईने मला प्रश्न विचारला नव्हता, तिने माझ्या मार्फत वर विचारला होता. मधल्या माणसाने उत्तर द्यायची घाई करू नये. तो पोरगा वाचला, पण म्हणून या गोष्टीची साक्ष होत नाही. त्याच पावसाळ्यात दुसरे दोघे वाचले नाहीत आणि त्यांच्याही आया होत्या.

माझे यजमान गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली, देणं बाकी राहिलं, मग किराणा दुकानात हिशेब लिहायचे. साखर आणि रक्तदाब दोन्ही होतं, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. उपचार सरकारी योजनेतून झाला, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला रोज आपला आपण. डाव्या हाताच्या मनगटावर फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की कातडीखाली सूं सूं अशी थरथर लागते, आम्ही तिला थ्रिल म्हणतो. ती बंद पडली तर धोका. रात्री प्रार्थना करताना ते हात जोडायचे नाहीत, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून बसायचे. प्रार्थना आणि तपासणी एकाच वेळी.

सगळ्यांत वाईट तहान. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून. यांना दिवसाला पाऊण लिटर होतं आणि त्यात चहा, वरणाचं पाणी, गोळीसोबतचा घोट, सगळं धरायचं. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको, पारा ४६ च्या वर जातो, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. मी नर्स असल्यामुळे घरात मापाचा पेला माझ्या हातात. बर्फाचा खडा चोखायला द्यायचा तोही हिशेबात धरायचा. बायकोने नवऱ्याच्या हातातून पाण्याचा तांब्या काढून घ्यायचा, यासारखं काम नाही.

त्याच काळात एका मोठ्या चंगाई सभेला नातेवाईक आग्रहाने घेऊन गेले. हिरव्या जाळीचा मंडप, मोठे स्पीकर, बाहेरून आलेले प्रचारक. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवरून सांगितलं की प्रभूने काम केलं आहे, आता विश्वासाने सुई बंद करा. मी नाही म्हटलं. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, तुमच्या अविश्वासामुळे भावाची चंगाई अडली आहे.’ पाचेकशे लोकांसमोर. त्यांच्या नाकावर जाड भिंगाचा चष्मा होता, एवढं मी फक्त नोंदवते. त्या रात्री घरी येताना हे रिक्षात गप्प होते. मग म्हणाले, ‘उद्या मंगळवार आहे ना? सकाळची पाळी चुकवायची नाही.’

अशा प्रचारकांवर टीका केली की आमचेच लोक म्हणतात, बाहेरच्यांसमोर घरचं काढू नका, दिवस बरे नाहीत. दिवस बरे नाहीत हे खरं आहे. हल्ली घरी चार माणसं प्रार्थनेला जमली तरी समोरचा खिडकीतून बघतो, धर्मांतर चाललंय का म्हणून. तरीही मी हे लिहिते, कारण माणसाला औषध सोडायला लावणारी प्रार्थना ही बाहेरच्या संशयापेक्षा आमचं जास्त नुकसान करते. आणि जो बरा झाला नाही त्याच्यावरच न बरं झाल्याचा आळ घेणं, याला मी पाप म्हणते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. त्या वर्षी यांनी मंडळीच्या पंचांकडे जाऊन स्वतःहून पाचवा मागून घेतला. पाचवा तहानेचा. हे आधी कधी बोललेले नव्हते, दानपेटी फिरवणं एवढंच त्यांचं काम. उभे राहिले, समोरच्या बाकाला धरून. मी मागे महिलांच्या बाजूला बसले होते आणि मला नक्की माहीत नव्हतं काय बोलणार ते. ते म्हणाले, ‘मी पाण्याबद्दल बोलणार आहे. मला पाऊण लिटर ठरवून दिलंय. रात्री दोन वाजता उठून मी माठाकडे बघत बसतो. सिस्टर झोपली आहे का ते बघतो.’ थोडे लोक हसले. ‘प्रभूला तहान लागली ती त्याने लपवली नाही. माझा बाप वर आहे, सगळं ठीक होईल, असं म्हणून कोरड गिळून टाकली नाही. सगळ्यांदेखत बोलला. मग मीही बोलतो. मला फार तहान लागली आहे आणि मी देवावर रागावलो आहे. रागावलो तरी त्याच्याच घरी आलो आहे, दुसरीकडे कुठे जाऊ?’ एवढं बोलून खाली बसले. दहा मिनिटं ठरली होती, दोन झाली असतील.

बाहेर आल्यावर एक पंच म्हणाले, ‘भाऊ, तुमचं दुःख आम्हाला समजतं, पण लेकरं बसली होती.’ जणू लेकरांना तहान लागत नाही. पण संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक घरी आले. मंडळीतले फार मानाचे, रविवारी कधी न चुकलेले. दार लोटून घेतलं आणि सांगितलं की मुलगी बाळंतपणात गेली तेव्हापासून त्यांनी एकट्याने प्रार्थना केलेली नाही. दहा-बारा वर्षं झाली होती. उपासनेला येतात, गीतं म्हणतात, प्रभुभोजन घेतात, घरी आलं की काही नाही. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. यांना सांगितलं, कारण यांनी राग आहे असं म्हटलं होतं. दोघं रात्री उशिरापर्यंत बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मधे एकदा फक्त चहा विचारायला गेले आणि मास्तरांनी यांच्यासमोर चहा घ्यायला नकार दिला.

चंगाईचे प्रचारक ज्या पुस्तकाच्या आधारावर बोलतात, ते पुस्तक त्यांनी पूर्ण वाचलेलं नसावं असं मला कधी कधी वाटतं. ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो आणि देवाला कोर्टात खेचल्यासारखा जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलतात आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. दीडशे स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आहे. येशू वधस्तंभावर ओरडला तोही अशाच एका गाऱ्हाण्याच्या स्तोत्राच्या शब्दांत. आम्ही रविवारी यातलं काय वाचतो? मेंढपाळाचं तेविसावं. बाविसावं उत्तम शुक्रवारी, तेही घाईने.

हे भांडण मराठी माणसाला परकंही नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले आहेत ते वारीतल्या कोणालाही विचारा. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या वाटेने आले असं ते स्वतः सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्या पाच वर्षं दूर राहिल्या, रडल्या, चिडल्या, मग आपल्या पायांनी आल्या. त्यांनी कुठे म्हणून आपलं रडणं झाकून ठेवलेलं नाही आणि हसणंही नाही. हल्ली आमच्या मंडळ्यांत जी गुळगुळीत साक्ष ऐकू येते, ती ना शास्त्रातली, ना आपल्या मातीतली. ती टीव्हीवरून आली आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव आम्ही दर महिला दिनाला घेतो आणि त्यांचा हट्ट सोयीने विसरतो. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात काही महिन्यांत आई, वडील आणि बहीण गेले. पुढे भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पती पटकीने गेले. कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्यांनी तो दिला त्यांच्याशीच वाद सुरू. चर्चने सांगितलं म्हणून मी डोळे मिटून मान्य करणार नाही, हा त्यांचा सूर इंग्लंडमधल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना लिहिलेल्या पत्रांत सारखा येतो. त्या बाईंना वाईट वाटे, पण रमाबाई हटल्या नाहीत. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात येऊन मुली घेऊन गेल्या, शेकड्यांनी. स्वतः ज्या भुकेतून वाचल्या ती भूक त्या ओळखत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर चालू होतं. इतकी मरणं बघितलेल्या बाईला देवाविषयी गोड गोड बोलण्याची गरज कधी पडली नाही, हे आमच्या प्रचारकांनी लक्षात घ्यावं.

इथे कोणी म्हणेल, रागवा, रडा, पण पुढे काय? रागाने कापसाला भाव येतो का? बरोबर आहे. आणि याचं उत्तर शोधायला वर्धेकरांना दूर जावं लागत नाही.

मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ चालवला. तंजावरच्या ख्रिस्ती घरातला माणूस, परदेशात शिकलेला हिशेबतपासनीस, १९३४ नंतर वर्ध्याचाच झाला. पुढे सेलडोहला शेतीचा प्रयोग करायला गेला. आमच्या मंडळीतल्या तरुणांना त्यांचं नाव माहीत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी वाद घातला. येशूच्या शिकवणीत सत्याग्रह बसतो की नाही, असा तो वाद. चर्चच्या सर्वांत मोठ्या खुर्चीला एक सामान्य ख्रिस्ती हिशेबनीस शास्त्र काढून दाखवत होता. ‘चले जाव’च्या वेळी तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या आचार-विचारावर आणि दुसरं ‘टिकाऊ अर्थव्यवस्था’ या कल्पनेवर. तब्येत खालावलेली, बाहेर कधी पडणार माहीत नाही, आणि माणूस एका हाताने येशूवर लिहितो, दुसऱ्या हाताने गावातली घाणी आणि गिरणी यांचा हिशेब मांडतो. त्यांना त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. संकट देवाने पाठवलं असं म्हणण्याआधी ते कोणत्या माणसाने, कोणत्या कायद्याने, कोणत्या भावाने आणलं ते तपासा, हा त्यांचा ख्रिस्ती धर्म.

‘चले जाव’च्याच वर्षी, १९४२ च्या जूनमध्ये, लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिला. गांधीजींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसलं, येशूचं, खाली शांतीविषयीचे शब्द. पुढे दोनच महिन्यांत देशभर धरपकड झाली. शांतीचं चित्र लावणारा माणूस आणि ‘करेंगे या मरेंगे’ म्हणणारा माणूस एकच होता, हे इथल्या माणसाला तरी समजावून सांगावं लागू नये.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,३२० रुपये होता, पण विकायला बोंडात कापूस तर हवा. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक पिकातलं पहिलं आणतात. भोपळे, तूर, संत्री, अंडी, एखादा गावरान कोंबडा. उपासना झाली की लिलाव होतो, हसतखेळत, वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो. त्या वर्षी देवळीकडचा एक शेतकरी टोपलीत किडकी बोंडं घेऊन आला. काळी पडलेली, अर्धवट उमललेली, आत अळीची विष्ठा. दारातच एकाने अडवलं, हे काय अर्पण आहे? तो म्हणाला, ‘जे झालं थेच आनलं जी. दुसरं आनू कोठून?’ पाळकसाहेब तरुण होते, गोंधळले, पण टोपली घेतली आणि भोपळ्यांच्या शेजारी मेजावर ठेवली. लिलावात ती कोणी पुकारली नाही. पण लिलाव संपल्यावर त्या टोपलीभोवती जे जमले ते तासभर हलले नाहीत. कोणतं बियाणं होतं, पावती ठेवली का, पंचनामा झाला का. मंडळीतले एक निवृत्त तलाठी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहू लागले, दुसऱ्या गावच्यांचेही. मी इतक्या वर्षांत बघितलेली ती सर्वांत चांगली प्रार्थनासभा होती आणि तिच्यात एकदाही कोणी डोळे मिटले नाहीत.

यजमानांना जाऊन आता काही वर्षं झाली. मातीच्या वेळी एका पाहुण्याने माझा हात धरून सांगितलं की देवाला आपल्या बागेत चांगलं फूल हवं होतं. मी हात सोडवून घेतला. सांत्वनाला येणाऱ्यांची माया मला कळते, पण ज्याने मला नवरा दिला त्याला फुलं तोडणारा करू नका. शेजारच्या वहिनी आल्या होत्या, गणपती बसवणाऱ्या, चर्चची पायरी कधी न चढलेल्या. त्यांनी काही सांगितलं नाही. आठवडाभर दोन वेळचा डबा आला आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी त्यांनी मला बँकेत नेलं, पेन्शनचे कागद करायला. ख्रिस्ती मंडळींकडून मला वचनं पुष्कळ आली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फुलांच्या चित्रासकट आली.

मी अजून दर रविवारी जाते. रागावलेलीही असते, नसतेही. प्रार्थनेत मागितलं तसं मिळालं नाही, हे मी देवाला अजून ऐकवते आणि तरी त्याच्याशिवाय ऐकवायला मला दुसरं कोणी सुचत नाही. पणजी चुलीपुढे करायची ते मी गॅसपुढे करते.

पंचांकडे मी एक अर्ज दिला आहे. बुधवारी साक्षीला जितका वेळ, तितकाच गाऱ्हाण्याला द्यावा. ज्याला जे मिळालं नाही ते त्याने उभं राहून सांगावं, कोणी लगेच उत्तर देऊ नये, वचन सांगू नये, आणि पुढे करण्यासारखं काही असेल तर ते कोण करणार ते तिथेच ठरवावं. एक पंच म्हणाले, याने नवीन आलेल्यांचा विश्वास डळमळेल. दुसरे म्हणाले, बायका रडायला लागतील आणि आठला सभा संपणार नाही. तरुण मंडळींपैकी दोघी बाजूने आहेत. मास्तर काही बोलले नाहीत, पण अर्जावर माझ्या खाली सही त्यांची आहे. येत्या बैठकीत तो विषय पत्रिकेवर सर्वांत शेवटी ठेवला आहे. म्हणजे तोवर चहा येईल, घड्याळ बघितलं जाईल आणि पुढच्या महिन्यावर जाईल. चहा विषय झाल्यावर द्या, असं मी चर्चच्या शिपायाला आत्ताच सांगून ठेवलं आहे.